मदत हवी आहे: पेपरवेट 1848चा की नंतरची नक्कल?

आजोबांच्या टेबलाच्या खणात काचेचा पेपरवेट सापडला. आत रंगीत काचकांड्यांच्या चकत्यांची फुलं, एका चकतीत रोमन ‘बी’ आणि 1848. टपाल स्वस्त झालं, घरोघरी लिहिण्याची टेबलं आली, त्या काळात फ्रान्सच्या बाकारा कारखान्यात असे पेपरवेट बनत, काहींत 1846 ते 1849 ही सालंही असत, एवढं वाचलंय.

व्यास 7 सेंमी, वजन 440 ग्रॅम. तळ घासलेला, ठसा नाही. भिंगातून दुसऱ्या 8ची कड फिसकटलेली दिसते. एका दुकानदाराने हातात न घेताच ‘चायना’ म्हटलं! विकायचा नाही, ओरखडाही काढायचा नाही.

पाण्यात बुडवून घनता काढली तर शिशाची काच कळेल, पण काळ कशावरून ठरवायचा? चकतीवरून की तळावरून?