शोकुपान दुसऱ्या दिवशीही मऊ कसा ठेवावा?

प्रश्न: घरी भाजलेला शोकुपान, म्हणजे जपानी दुधाचा पाव, दुसऱ्याच दिवशी कोरडा पडतो. लोणी न वाढवता काही उपाय आहे का?

उत्तर १: युदाने पद्धत वापरून पाहावी. एकूण मैद्यापैकी सुमारे २० टक्के मैदा तेवढ्याच वजनाच्या उकळत्या पाण्यात कालवून, तो गोळा झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. उष्णतेने मैद्यातील स्टार्च फुगतो आणि जास्त पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पाव लवकर शिळा होत नाही.

उत्तर २: सहमत आहे, मात्र हे पाणी मूळ कृतीतील द्रवातून वजा करावे, अन्यथा पीठ सैल होईल.

उत्तर ३: तयार पाव आपण फ्रिजमध्ये तर ठेवत नाही ना? तिथे तो अधिकच लवकर कडक होतो. चकत्या करून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि थेट टोस्टरमध्ये भाजाव्यात.