जातीवरून पडलेलं आळीचं नाव बदलायचंय, अर्ज कुठे करायचा?

आळीतली:
नमस्कार. ठाण्यात राहते, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. आळीचं नाव इथे लिहीत नाही. जातीवरून आहे, एवढं पुरे. विजेचं बिल, गॅसचं पुस्तक, माझं आधार, सगळीकडे तेच. लेक अकरावीच्या फॉर्मवर पत्त्यात नुसतं ‘तलावपाळीजवळ’ लिहायला लागली, तेव्हा मी बघून न बघितल्यासारखं केलं. परवा तिचं पार्सल सापडेना म्हणून कुरिअरवाल्याचा फोन आला, तर पोरगी गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं आणि मग पत्ता सांगितला. अशी नावं बदलायचं सरकारने मागेच ठरवलं होतं ना? मग बदलतं कोण?

पेन्शनर६२:
ताई, डिसेंबर २०२० चा मंत्रिमंडळाचा निर्णय तो. वाडे, वस्त्या, गल्ल्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी द्यायची. पण निर्णय झाला म्हणून पाटी आपोआप बदलत नाही. शहरात महापालिकेचा ठराव लागतो. दिल्लीपर्यंत जावं लागत नाही, हे नशीब. गावाचं किंवा स्टेशनचं नाव असतं तर राज्याची शिफारस, मग केंद्रीय गृह मंत्रालयाची ना-हरकत, त्यातही रेल्वे, टपाल खातं, सर्व्हे ऑफ इंडिया यांना विचारणा. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं २०१८ साली, मागणी कितीतरी जुनी. (हयात फायली सरकवण्यात गेली, म्हणून लांबण लागते.) घराघरातून सह्या घ्या, प्रभाग समितीच्या कार्यालयात अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

जुना_ठाणेकर:
मला पटत नाही. लोहार आळी, कासार आळी ही नावं गेली की तिथे कोण राबत होतं तेही विसरलं जाणार.

आळीतली:
दादा, कासार आळी सांगताना कोणी दार ओढून घेत नाही.

जुना_ठाणेकर:
हं. बरोबर.

फक्त_वाचतो:
समतानगर मागू नका, ठाण्यात एक आहेच. केंद्राच्या १९५३ च्या सूचना गावा-शहरांच्या नावांसाठी आहेत, पण त्यातली एक गोष्ट इथेही घ्यावी: आसपास त्याच नावाचं दुसरं ठिकाण नको, घोटाळा होतो. पार्सल पुन्हा भलतीकडेच जाईल!

आळीतली:
अकरा घरांच्या सह्या झाल्या. समोरच्या काकू अडून बसल्यात: “मी याच नावाच्या आळीत लग्न होऊन आले, आता उतारवयात नवा पत्ता कुठे पाठ करू?” तोंडाशी पिंपळ होता. पाइपलाइनच्या कामात गेला, पण म्हातारी माणसं अजून ‘पिंपळाखाली उतरव’ असंच रिक्षावाल्याला सांगतात. पिंपळ आळी म्हटल्यावर काकूंनी कागद ठेवून घेतलाय, सही बाकी आहे.
पेन्शनरकाका, घरपट्टीच्या पावतीवर नाव बदलायला वेगळा अर्ज लागेल का?