माईच्या खोलीतली नवी चूल

धाकटा (पुणे): यवतमाळहून करून घेतलेली लोखंडी चूल पोचली ना? वहिनी, मिस्त्री आला का? या थंडीत माईला धुरात बसावं लागू नये, एवढंच वाटतं.

मोठी वहिनी: आला होता भाऊजी. चूल छान आहे, मागे धुरासाठी ५ इंची तोंड आहे. मिस्त्री म्हणतो, बोअरचा ४ इंची केसिंग पाइप उरलाय, तोच लावून देतो.

काकाजी (हिंगणघाट): सूनबाई, थांबव त्याले.

काकाजी (हिंगणघाट): बोअरचा पाइप पीव्हीसीचा राह्यते. ८० डिग्रीच्या आसपासच नरम पडते, चुलीचा धूर त्याच्याहून कितीतरी तापट. पाइप वाकीन, मंग जळीन, अन् त्याचा धूर छातीले लय वाईट. अन् ५ च्या तोंडाले ४ चा पाइप लावूच नका. धुराले वाट अपुरी पडली तं तो घरातच वापस येईन.

मोठी वहिनी: गोठ्याजवळ सिमेंटचा जुना पाइप आहे, तो चालेल?

काकाजी (हिंगणघाट): जुन्या सिमेंटच्या पाइपात अ‍ॅस्बेस्टॉस राह्यते. कापला की भुकटी उडते अन् फुप्फुसात जाऊन बसते. त्याले हात लावू नको. काळ्या पत्र्याचा ५ इंची पाइप आणा. जस्ताचा पांढरा नको, चुलीजोळ लय तापला तं जस्ताचाही धूर निघते.

धाकटा (पुणे): पैसे आत्ताच पाठवतो. पाइप सरळ वर, छपराच्या कवेलूतूनच काढायचा ना काकाजी?

काकाजी (हिंगणघाट): सरळ वर गेलेला पाइप धूर चांगला ओढते, हे खरं. पण आपल्या जुन्या घराचं सांगतो. म्या स्वतः पाइप कवेलूतून काढला होता, छपराच्या सागाच्या फाट्याले, म्हणजे वाशाले घासून. तीन हिवाळे काई झालं नाई. चवथ्या हिवाळ्यात रातच्याले जळका वास आला म्हणून वर चढलो, तं फाटा आतून कोयसा झालेला अन् कडेले इस्तो धुमसत होता. लाकूड रोज तापत राहिलं का आतून सुकत जाते, काळं पडते, मंग थोड्याच उष्णतेत पेटते. त्या घरात तुमची आजी झोपली होती. तवापासून म्या कोणाच्याही घरी गेलो का पह्यले पाइप अन् लाकडातलं अंतर पाह्यतो. उघड्या पत्र्याच्या पाइपापासून दीड फुटात लाकूड, कापड, दोरी काईच नको.

मोठी वहिनी: माईच्या खोलीत तर फाटे एकमेकांपासून दीड दीड फुटांवरच आहेत, मधून पाइप काढला तर दोन्हीकडे तेवढं अंतर मिळणार नाही.

काकाजी (हिंगणघाट): मंग मागच्या भिंतीतून काढा. भिंत मातीविटांची आहे, ती जळत नाई. आडवा तुकडा होईन तेवढा आखूड ठेवा अन् फुटामागे पाव इंच तरी बाहेरच्या अंगानं चढता. बाहेर टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड लावून खाली झाकण ठेवा, काजळी तिथून काढता येते. टोक छपरावर ३ फूट निघालं पायजे, अन् १० फुटांच्या आत जे काई उंच असन त्याच्याहून २ फूट वर. नाईतर वारा धूर खाली दाबते.

आत्या (वर्धा): भिंतीच्या मागेच पऱ्हाट्यांची, कापसाच्या वाळल्या झाडांची गंजी आहे नं बाप्पा! दिवाळीले आली होती तवा पाह्यली.

मोठी वहिनी: हो आत्याबाई, अगदी भिंतीला लागून. आजच वावराकडच्या धुऱ्यावर, बांधावर हलवायला सांगते.

आत्या (वर्धा): आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ निघाला १९३४ ले, मगन चूल तिथलीच, धुराड्याची. एवढ्या वर्सांनंतरही आपल्या घरच्या बाया डोळे पुसत सयपाक करतात, ह्याचं मले खरंच वाईट वाटते. हे काम नीट होऊ द्या.

धाकटा (पुणे): सांधे कसे बसवायचे? मिस्त्री म्हणतो, वरचा पाइप खालच्याच्या बाहेरून चढवतो.

काकाजी (हिंगणघाट): उलटं. कवेलूत वरचं खालच्यावर चढवतो, कारण पाणी बाहेरून वाहते. पाइपात डांबरासारखा चिकट काळा रस आतून वघळते. म्हणून वरच्या पाइपाचं बारीक तोंड खालच्याच्या आत पायजे, रस वापस चुलीत जाते. मिस्त्रीले वाटते धूर फटीतून बाहेर येईन, पण पाइप धूर वर ओढत असला तं फटीतून हवा आत जाते. एका सांध्याले तीन स्क्रू. चुलीच्या मानेशी, म्हणजे धुराच्या तोंडाले पाइप जुळते तिथं, शेणमाती नको, ती तापून तडकते. फायर क्ले, म्हणजे आच सोसणारी माती भरा.

काकाजी (हिंगणघाट): अन् लाकूड वाळलेलंच. वल्ल्या लाकडानं हा रस लय जमते, तोच एक दिवस पाइपात पेटते. पाइपातून घोंगावल्यासारखा आवाज आला तं चुलीचं दार अन् हवेची फट बंद करा, माईले बाहेर घ्या, पाइपात पाणी ओतू नका.

*(मंगळवार)*

मोठी वहिनी: काकाजी, चूल पेटवून उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळ धरली. बाहेरच्या तिन्ही सांध्यांत धूर आत ओढला गेला. पण चुलीच्या मानेशी बाहेर येतोय, थोडासाच.

काकाजी (हिंगणघाट): थोडासाही नको. लाकडाच्या धुरासंग बिनवासाचा विषारी वायू राह्यते, झोपेत समजत नाई. आज माईले त्या खोलीत झोपवू नको, वरचा झरोका उघडाच ठेव. चूल थंड झाली का मान खोल, फायर क्ले नव्यानं भर.

मोठी वहिनी: माई आज आमच्या खोलीत झोपतील. सकाळी भरते.

काकाजी (हिंगणघाट): दोन दिवस वाळू दे. मंग पह्यले बारीक इस्तो कर, अन् परत उदबत्ती लावजो.