बॉक्सवुडची कुंपणं आणि बर्फ

अमेरिकेतल्या थंडगार मिनेसोटात घरासमोर एकदम मापात कापलेली, दोन्हीकडे सारखी अशी बाग करायची आणि त्यासाठी बॉक्सवुड (बारीक पानांचं सदाहरित झुडूप) चालेल का असं विचारलंय तुम्ही, तर आमचा अनुभव सांगते. मी राहते ठाण्यात, घोडबंदर रोडला, इथे सोसायटीच्या दुरांताच्या कुंपणाला माळीकाका कात्री लावतात आणि पंधरा दिवसांत परत जैसे थे. धाकटा भाऊ तिकडे मिनियापोलिसजवळ असतो, त्याने हौसेने बॉक्सवुड लावलं आणि मार्चमध्ये व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर रस्त्याकडची बाजू चहाच्या चोथ्यासारखी झालेली, पण गंमत म्हणजे बर्फाखाली गाडला गेलेला खालचा वीतभर भाग हिरवागार!

थंडीने जळतं असं नाही हो नुसतं, ऊन-वारा पानांतलं पाणी ओढतात आणि जमीन गोठलेली असल्यामुळे मुळांना पाणी मिळत नाही, म्हणून सुकतं. त्यात रस्त्यावरचं मीठ उडतं ते वेगळंच. आता तो जमीन गोठेपर्यंत पाणी घालतो, वाऱ्याच्या बाजूला खुंट्या ठोकून चक्क गोणपाट लावतो, आणि ऑगस्टनंतर कात्री बंद, नाहीतर कोवळी फूट थंडीत मरते.

तुमचा भाग अमेरिकेच्या लागवड-नकाशावर झोन 4 मध्ये असेल (म्हणजे हिवाळ्यातलं सरासरी सर्वात कमी तापमान उणे 34 ते उणे 29 सेल्सिअस) तर मी म्हणेन पुढच्या ओळीला अल्पाइन करंट नावाचं झुडूप लावा, पानं गळतात पण काटक आहे आणि छाटणी मस्त सोसतं. आकार मात्र खाली रुंद, वर निमुळता ठेवा, सपाट माथ्यावर बर्फ साचून फांद्या फाकतात.