युरो ट्रक सिम्युलेटर २ निवांत खेळायचा तर सेटिंग काय ठेवावं?

जुळे_सोलापूर_रात्रपाळी

जेवण झाल्यावर तासभर काहीतरी शांत खेळावं म्हणून हा गेम घेतला. सगळे म्हणतात डोकं हलकं होतं, इथं उलट चाललंय. लॅपटॉपच्या कीबोर्डवर ट्रक सापासारखा वळवळतो, हायवेवरून खाली उतरणाऱ्या गोल वळणावर ट्रेलर आडवा होतो, कॅमेऱ्यांचे दंड वेगळेच. कामंही सगळी जवळजवळची मिळतात, गाडी जरा लयीत आली की गाव येतं. आणि उजव्या बाजूनं चालवायची सवय होईना. स्टिअरिंग व्हील लगेच घ्यायचं नाही. आहे त्यात काय बदलू?

बाळे_नाका

काय करलालास बे, कीबोर्डवर डिफॉल्ट सेटिंगला कुणाचाही ट्रक वळवळतोच. बटण दाबलं की गेम चाक झपाझप फिरवतो. आपण घाबरून उलटं बटण दाबतो आणि तिथून नागमोडी सुरू. कंट्रोल्समध्ये स्टिअरिंग सेन्सिटिव्हिटी निम्म्याच्या खाली आण. बटण धरून ठेवायचं नाही, टिचकी मारल्यासारखं दाबायचं. नजर बोनेटसमोर नको, लांब रस्त्यावर ठेव. जवळ बघितलं की हात जास्त चालतात.

त्याहून बरं म्हणजे माऊसनं स्टिअरिंग. इनपुटच्या पर्यायांत कीबोर्ड अधिक माऊस निवड आणि नॉन-लिनिअरिटी वाढव. म्हणजे मधल्या भागात चाक मंद राहतं, हायवेवर सरळ जाताना हात हलला तरी ट्रक लेन सोडत नाही. फक्त माऊस जिथं सोडशील तिथं चाक राहतं, आपोआप सरळ होत नाही, एवढं ध्यानात ठेव. घरात साधा गेमपॅड असेल तर तो सगळ्यात उत्तम, कारण ब्रेकही हळूहळू दाबता येतो. कीबोर्डचा ब्रेक म्हणजे थेट पूर्ण ब्रेक. तिथं ब्रेक इंटेन्सिटी थोडी कमी कर.

ट्रेलर आडवा होतो तो वेगामुळं. गोल रॅम्पवर ४०-५० च्या पुढं जायचं नाही, आणि वेग वळणात शिरायच्या आधी कमी करायचा. वळणात ब्रेक मारला की मागचं वजन बाहेर ढकललं जातं. उंच, जड माल असेल तर अजून हळू. ट्रेलर स्टॅबिलिटीचा स्लायडर आहे, तो वाढवलास तर सुरुवातीला सोपं जाईल.

सात_रस्ता

लांबची कामं मिळत नाहीत त्याचं कारण साधं आहे मालक. सुरुवातीला २५० किलोमीटरच्या पुढचं काम गेम देतच नाही. लेव्हल वाढली की एक पॉइंट मिळतो. पहिले पॉइंट डोळे झाकून लांब पल्ल्याच्या स्किलमध्ये घाला. तातडीच्या मालाचं स्किल निवांत खेळणाऱ्याला शेवटी घेतलं तरी चालतं, ते घड्याळाकडं बघायला लावतं.

मोजमाप माहीत असलं की काम नीट निवडता येतं. युरोपचा नकाशा साधारण १:१९ आहे आणि हायवेवर वेळही त्याच पटीत पळते. आपलं सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर, या हिशोबात दहा मिनिटांत संपेल. म्हणून तुम्हाला गाव लगेच येतं. ७०० किलोमीटरचं काम ८० च्या वेगानं अर्ध्या तासाच्या आसपास जातं, शहरातली वळणं आणि पार्किंग धरून थोडं जास्त. झोपायच्या आधी एक काम पुरे.

बँकेचं कर्ज काढून स्वतःचा ट्रक घ्यायची घाई नको. क्विक जॉबमध्ये ट्रक कंपनीचा, डिझेल कंपनीचं. कर्ज घेतलं की दुरुस्ती, डिझेल, हप्ता सगळं आपल्या गळ्यात, मग निवांतपणा कुठला.

उजव्या बाजूचा त्रास होत असेल तर इंग्लंडमध्ये सुरुवात करा. बर्मिंगहॅम किंवा मँचेस्टर हेडक्वार्टर ठेवा. डावीकडून वाहतूक, आपल्यासारखीच. पुढं ट्रक विकत घ्याल तेव्हा इंटीरियरमध्ये यूकेचा पर्याय निवडा, स्टिअरिंग उजवीकडं येतं. हात बसला की समुद्र ओलांडून फ्रान्सला जा.

विजापूर_वेस

ऑप्शन्समध्ये वाहतुकीचे दंड बंद करता येतात, थकवा बंद करता येतो, पार्किंगही वगळता येतं. तिन्ही बंद करा आणि चालवा. दिवसभर साहेबाचं ऐकायचं आणि रात्री गेमचं पण ऐकायचं?

सात_रस्ता

पार्किंग वगळायला हरकत नाही, माल पोचवताना तीन पर्याय येतातच आणि वगळल्यावर फक्त त्याचे गुण मिळत नाहीत. दंड बंद करायला मात्र माझा विरोध आहे. दंड नसला की माणूस १२० नं पळवतो, सिग्नल तोडतो, आणि दहा मिनिटांत कंटाळतो. या गेममध्ये डोकं शांत होतं त्याचं कारणच हे की हाताला आणि डोळ्याला थोडंसं काम सतत राहतं. आरसा, वेग, पुढचा फाटा. काम इतकं कमी की दमत नाही, आणि इतकंही कमी नाही की मन ऑफिसात परत जाईल. दंड चुकवायचा सोपा उपाय सांगतो: ट्रकचा वेग ९० वर अडवणारा लिमिटर चालू ठेवा आणि सी दाबून क्रूझ, म्हणजे वेग आपोआप एकसारखा ठेवणारी सोय, ८० वर लावा. रस्त्याच्या मर्यादेची पाटी जीपीएसच्या पट्टीवर दिसते, त्यापेक्षा क्रूझ खाली ठेवलं की कॅमेरा काही करत नाही. अंधारात, पावसात एल दाबून दिवे लावायला विसरू नका, बिनदिव्याचाही दंड आहे.

थकवाही चालू राहू द्या. ११ तास गाडी चालवली की ड्रायव्हर जांभया देतो, पडदा काळा होऊ लागतो, ९ तास झोप घ्यावी लागते. खेळातले ११ तास हायवेवर म्हणजे आपली ३५ मिनिटं. तेवढ्यात उठून पाणी पिऊन यावं. फुकटचा गजर आहे तो.

होटगी_रोड

लॅपटॉपवाल्यांसाठी. एप्रिल-मे मध्ये खोलीतच चाळीस डिग्री असताना मशीन तापतं, स्वतःचा वेग कमी करतं, फ्रेम अडखळतात आणि स्टिअरिंगचा अंदाज चुकतो. सेटिंगला शिव्या घालण्याआधी हे तपासा. ग्राफिक्समध्ये स्केलिंग १०० टक्क्यांवर हवं. ४०० वर असेल तर मशीन चौपट चित्र काढतंय. आरशांची गुणवत्ता कमी करा, कारण प्रत्येक आरसा म्हणजे तोच देखावा पुन्हा काढणं. सावल्या मध्यम, व्ही-सिंक चालू म्हणजे स्क्रीन दाखवू शकते त्याहून जास्त फ्रेम विनाकारण काढत नाही. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालून हवा जायला हवी.

मळमळत असेल तर कॅमेऱ्याची आपोआप फिरण्याची आणि केबिन हलण्याची सेटिंगं शून्याकडं न्या, एफ४ दाबून सीट मागं घ्या. आणि डेस्कटॉपवर खेळणाऱ्यांनो, लाइट जाण्याचा भरवसा नाही, लांबच्या कामात मध्येच मेनूतून हातानं सेव्ह करत जा.

कडक_भाकरी

गाण्यांचं कुणीच सांगितलं नाही. डॉक्युमेंट्समध्ये गेमच्या नावाचा फोल्डर असतो, त्यात म्युझिक नावाचा फोल्डर. तिथं एमपीथ्री टाका आणि गेममध्ये आर दाबा. जर्मनीच्या ऑटोबानवर भीमसेनजींचे अभंग, वर गेमप्लेमधून पावसाची शक्यता वाढवलेली, वायपर चालू. आपल्याकडं एरवी असा पाऊस कुठं बघायला मिळतो!

अक्कलकोट_रोड

फोनवर असं काही आहे का? पीसी नाही.

कडक_भाकरी

ट्रक हवा असेल तर ट्रकर्स ऑफ युरोप ३ बघा. बस आवडत असेल तर बस सिम्युलेटर इंडोनेशिया, त्यात एसटीच्या लालपरीची मॉड, म्हणजे गेमला जोडायची फाइल, लोकांनी बनवलीत. मॉडची फाइल गेमच्या मॉड फोल्डरमध्ये टाकायची असते. कुणी एपीके, म्हणजे वेगळ्या अ‍ॅपची फाइल, इन्स्टॉल करायला सांगितलं तर नाही म्हणा.

जुळे_सोलापूर_रात्रपाळी

माऊस आणि नॉन-लिनिअरिटीनं निम्मं काम झालं. बर्मिंगहॅम घेतलंय. एक राहिलं: लांब उतारावर क्रूझ लावूनही वेग वाढतो, ब्रेक दाबत राहिलो की हवेचा काटा खाली येतो.

बाळे_नाका

एअर ब्रेकची सिम्युलेशन रिअलिस्टिकवर असणार. टप-टप ब्रेक मारला की दर वेळी हवा खर्च होते, आणि फार खाली गेली की चाकंच लॉक होतात. उतार सुरू व्हायच्या आधी वेग कमी करून बी दाब, इंजिन ब्रेक लागतो. ट्रकला रिटार्डर, म्हणजे नेहमीच्या ब्रेकशिवाय वेग रोखणारी यंत्रणा, असेल तर सेमिकोलननं एकेक पायरी वाढव, वेग स्थिर झाला की थांब. ब्रेक लागलाच तर एकदाच, सलग दाबायचा. क्विक जॉबच्या प्रत्येक ट्रकला रिटार्डर असतोच असं नाही, तिथं इंजिन ब्रेक आणि खालचा गिअर.