७०० × २५ टायर, ८२ किलो वजन: घोडबंदरसाठी हवा किती भरावी?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात कासारवडवलीला राहतो आणि गेल्या दिवाळीपासून रोड सायकल चालवतो. माझे वजन ८२ किलो, सायकल साधारण १० किलोची, टायर ७०० × २५ मापाचे (म्हणजे २५ मिलिमीटर रुंद) आणि आत साधी ब्यूटाइल ट्यूब आहे. रविवारी ऐरोली-वाशीमार्गे पामबीच रस्त्याने बेलापूरपर्यंत जातो. इतर दिवशी घोडबंदर रस्त्यावर गायमुखपर्यंतच.

टायरच्या कडेवर कमाल १२० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) असे छापलेले आहे. दुकानात ‘अंगठ्याने दाबला तर दबता कामा नये’ एवढाच मंत्र मिळाला होता, म्हणून सुरुवातीला मी ११० भरत असे. पामबीचच्या डांबरावर ते खपून जाई, पण सेवा रस्त्यावरच्या पेव्हर ब्लॉकवर सायकल उड्या मारी आणि घरी पोहोचेतो करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर झालेले असे. कमाल मर्यादा म्हणजे शिफारस नव्हे, हे मला जरा उशिराच उमगले.

मग दुसरे टोक गाठले. दोन्ही चाकांत ७५ भरले, हात सुखावले, आणि तिसऱ्याच दिवशी मेट्रोच्या कामालगत एका खड्ड्याची धार लागून मागचे चाक बसले. ट्यूब पाण्यात धरली तेव्हा बोटाच्या रुंदीइतक्या अंतरावर दोन समांतर चिरा दिसल्या आणि त्यांतून बुडबुड्यांच्या दोन माळा निघाल्या; म्हणजे काटा नव्हे, काच नव्हे, तर रिम आणि खड्ड्याचा काठ यांत ट्यूब चिमटली होती.

सध्या मागे ९५ आणि पुढे ८५ ठेवतो. मागच्या चाकावर सुमारे ६० टक्के भार येतो असे धरले तर ही तफावत आणखी मोठी हवी, पण ब्रेक लावताना भार पुढे सरकतो, त्यामुळे पुढची हवा याहून उतरवण्याचा धीर होत नाही. तुम्ही किती फरक ठेवता?

खरी अडचण पावसाळ्याची आहे. ओल्या रस्त्यावर पकड मिळावी म्हणून हवा थोडी कमी करावी हे पटते, परंतु पाण्याखालचा खड्डा दिसतच नसल्याने ट्यूब चिमटण्याचा धोका नेमका तेव्हाच वाढतो. २८ चे टायर घेणे हा सरळ उपाय वाटतो, कारण जास्त हवा मावली की कमी दाबावरही रिम वाचते. मात्र माझ्या सायकलीत टायर आणि ब्रेकच्या कमानीमध्ये जेमतेम ४ मिलिमीटर फट आहे. एवढ्या फटीत २८ कोणी बसवले आहेत का?

आणखी एक शंका: ९५ भरून पंप काढला आणि लगेच पुन्हा जोडला की काटा कमी दाखवतो. थोडी हवा पंपाच्या नळीत जात असणार हे कळते, तरी मग कोणता आकडा धरायचा?

ज्यांचे वजन ८० च्या आसपास आहे आणि जे याच रस्त्यांवर २५ चे टायर वापरतात, त्यांनी कृपया आपले मागचे-पुढचे आकडे सांगावेत, आणि गेल्या पावसाळ्यात किती वेळा ट्यूब बदलावी लागली तेही.