शब्दचर्चा: ‘अनिश्चित तुळई’ म्हणावं का?

खाडीकाठ: रत्नागिरीत डिप्लोमाच्या मुलांसाठी मराठी टिपणं तयार होतायत. त्यात ‘इन्डिटर्मिनेट बीम’ला ‘अनिश्चित तुळई’ लिहिलंय. चालेल? ‘रिडंडंट’ आणि ‘कॅरी ओव्हर’लाही शब्द हवेत. उदाहरण जेटीचं आहे: तीन पाइलवर (जमिनीत रोवलेल्या खांबांवर) सलग बीम, 4 मीटरचे दोन गाळे (दोन आधारांमधली अंतरं), मीटरला 20 किलोन्यूटन भार.

मालवणी_मापटा: बीम अनिश्चित नाय ओ, गणित करणारो अनिश्चित आसा!

चिरेखाण: मापटा बरोबर बोलले. प्रतिक्रिया, म्हणजे आधारांनी बीमला दिलेले जोर, ठरलेल्याच असतात, फक्त समतोलाच्या समीकरणांवरून निघत नाहीत. इथे उभ्या प्रतिक्रिया तीन आणि कामाची समीकरणं दोन. म्हणून ‘अनिर्धार्य’. ‘अनिश्चित’ वाचून पोरांना बीम धोक्याचा वाटेल.

रिडंडंटला ‘अनावश्यक’ नको, ‘वरकड’ घ्या. मधला पाइल वरकड धरून काढला की 8 मीटरचा साधा बीम उरतो. भाराने तो मध्यावर जितका वाकेल तितकाच मधल्या प्रतिक्रियेने वर उचलला गेला पाहिजे (w मीटरमागचा भार, L गाळ्याची लांबी, R मधली प्रतिक्रिया, EI बीमचा वाकण्याला विरोध):

5w(2L)⁴/384EI = R(2L)³/48EI

EI दोन्हीकडून उडतं आणि R = ⅝ × 160 = 100 किलोन्यूटन. टोकांना 30-30. मधल्या आधारावर मोमेंट (वाकवणारा परिणाम) wL²/8 = 40 किलोन्यूटन-मीटर, वरचा भाग ताणात. गाळ्यात सर्वांत जास्त 22.5, तोही मध्यावर नाही, टोकापासून 1.5 मीटरवर. एक्स्ट्रा टॉपच्या, म्हणजे वरच्या अंगाच्या जादा सळया मधल्या पाइलवर का हव्यात ते इथेच दिसतं.

खाडीकाठ: वरकड म्हटलं की इकडच्या पोरांना वरकस जमीन आठवणार, नाचणी-वरीची.

चिरेखाण: आठवू दे. शब्द वेगळे आहेत, एका ओळीत सांगून होईल.

गाळाबंदर: ‘वरकड’ला एक पुस्ती जोडा, नाहीतर ‘नसला तरी चालेल’ असा अर्थ लागेल. मधला पाइल काढला तर बीम कोसळेलच असं नाही, पण 40 च्या जागी मध्यावर 160 येतात, आणि तेही खालच्या अंगाला, जिथे तेवढं स्टील टाकलेलंच नसतं. वरकड आहे ते समीकरणांच्या हिशेबात.

आणि वर EI उडालं ते आधार जागचे हलले नाहीत म्हणून. खाडीच्या चिखलात पाइल कातळापर्यंत नीट बसला नसेल तर मधला आधार खचतो. तो δ इतका खचला की त्या आधारावरची मोमेंट 3EIδ/L² ने कमी होते. 230 × 450 मिलिमीटरचा बीम, एम 25 प्रतीचं काँक्रीट, न तडकलेला छेद धरला तर EI साधारण 43,700 किलोन्यूटन-मीटर². 5 मिलिमीटर खचलं की घट 41. म्हणजे आधारावरची मोमेंट जवळपास शून्य आणि गाळ्यात 22.5 च्या जागी 40! सावकाश खचलं तर क्रीपमुळे (कायमच्या भाराखाली काँक्रीट हळूहळू दबत जातं त्यामुळे) आणि तडकलेल्या छेदामुळे परिणाम बराच उतरतो, पण दुर्लक्ष करण्याइतका नाही. साधा दोन आधारांचा बीम असता तर नुसता तिरका झाला असता.

मालवणी_मापटा: कॅरी ओव्हरला ‘हातचा’?

चिरेखाण: गोड आहे, पण हातचा अख्खा पुढच्या घरात जातो. हार्डी क्रॉसच्या 1930 च्या मोमेंट-वाटपाच्या पद्धतीत सारख्या छेदाच्या बीमला एका टोकाची मोमेंट पलीकडच्या बद्ध (फिरू न शकणाऱ्या) टोकाकडे निम्मी जाते, त्याच चिन्हाने. ‘अर्धा हातचा’ म्हणा हवं तर. वरचंच उदाहरण: आधी सगळी टोकं बद्ध धरली तर मोमेंट wL²/12 = 26.67. बाहेरचं टोक फिरायला मोकळं सोडलं की त्याचे निम्मे 13.33 मधल्या आधाराकडे येतात, बेरीज 40.

गाळाबंदर: टिपणात एक चूक आधीच अडवा. बाहेरचं टोक सोडल्यावर त्या गाळ्याचा ताठरपणा (टोक फिरवायला लागणारी मोमेंट) 3EI/L धरायचा आणि पुन्हा तिकडे हातचा पाठवायचा नाही. पोरं 4EI/L ठेवतात आणि हातचाही बंद करतात. दोन्ही टोकं टेकलेली असतील तर प्रमाण तेच राहतं, चूक लपते. एक टोक धक्क्याच्या भिंतीत बद्ध असलं की उघडी पडते: सारखे गाळे, सारखं EI, तर मधल्या आधारावरच्या मोमेंटची वाटणी 4/7 आणि 3/7, निम्मी-निम्मी नव्हे.